रंगूबाईंची दहा बोटं

भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेताना प्रज्योतने सगळ्याची तपासणी केली होती. द्रोणागिरीतल्या सात इमारतींच्या नळाचं पाणी त्याने बाटल्यांत भरून आपल्या प्रयोगशाळेत नेलं. कोणत्या मजल्यावर ट्रेलरचा आवाज किती पोचतो ते फोनवर मोजलं. न्हावा शेवा बंदरात नव्याने लागलेली माणसं कामापासून किती लांब राहायला तयार असतात, याचा आलेखसुद्धा काढला. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेला माणूस एवढं करणारच. फक्त आईची बोटं तपासायची राहून गेली.

त्याचं असं झालं. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, हे प्रज्योतला कागद चाळताना कळलं. एक टक्का म्हणजे किती, हे त्याने वडिलांना, दिनानाथना, तीन वेगवेगळी उदाहरणं देऊन समजावलं. तिसऱ्या उदाहरणात फ्रिज आला तेव्हा त्यांना पटलं. घर आईच्या, म्हणजे रंगूबाईंच्या नावावर झालं, कर्जाला मायलेक दोघांची नावं लागली आणि हप्ता प्रज्योतच्या पगारातून कापायचं ठरलं. पगाराचा मोठा लचका त्यात जाणार होता, पण भाडं येणारच होतं. "बाबा, तुमच्याकडे एक रुपया मागणार नाही," असं त्याने ओटीवर उभं राहून शेजारच्या येसूबाईंच्या देखत सांगितलं. येसूबाईंच्या देखत बोललेलं मागे घेता येत नाही. आपण विचार बदलेपर्यंत ते पार करंजा गावाला पोचलेलं असतं.

भाडेकरूही नामी मिळाली. राही नावाची मुलगी, बोर्ली पंचतनची, कंटेनरच्या कागदपत्रांच्या कामाला लागलेली. तिने घर पाहिलं, नळ सोडून पाहिला, आणि प्रज्योतने आपणहून दाखवलेला पाण्याचा अहवाल शेवटपर्यंत वाचला. असा भाडेकरू शोधूनही सापडत नाही. तिची अडचण एकच होती. तिची कंपनी घरभाडं द्यायची, पण त्यासाठी नोंदणी झालेला करार तीस तारखेच्या आत जमा करायला हवा होता.

"नाही जमलं तर मला मैत्रिणींच्या खोलीतच राहावं लागेल, दादा," राही म्हणाली. "माझ्या एकटीच्या पगारात एवढं भाडं नाही जमायचं."

"आज तीन तारीख," प्रज्योत म्हणाला. "सत्तावीस दिवस आहेत. काम दोन मिनिटांचं."

त्याच संध्याकाळी करार करून देणारा निकेश घरी आला. त्याच्याकडे एक लॅपटॉप होता आणि काडेपेटीएवढं एक यंत्र. त्यावर बोट ठेवायचं, बोट आधारशी जुळलं की हिरवा दिवा लागायचा आणि करार नोंदणीला जायचा. राहीने अंगठा ठेवला. हिरवा दिवा. रंगूबाईंनी पदराला हात पुसून अंगठा ठेवला. लाल दिवा.

"काकी, जरा दाबून," निकेश म्हणाला.

रंगूबाईंनी दाबलं. यंत्र टेबलावरून घसरलं.

"एवढं नको दाबू, काकी. सहा हजाराचं मशीन आहे."

मग दुसरा अंगठा झाला, मग तर्जनी, मग एकामागून एक दहाही बोटं झाली. दहा वेळा लाल. निकेशने यंत्र शर्टाला पुसलं, फुंकर मारली, केबल काढून घातली. पुन्हा दहा वेळा लाल.

"मना काय म्हाईत," रंगूबाई म्हणाल्या. "मी तर आख्खा अंगठा दिला त्याला."

घर विकत घेताना शाईचा अंगठा चालून गेला होता. कागदावर काळा गोळा उमटला होता आणि त्या गोळ्यात रेषा नाहीत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. यंत्राच्या मात्र लक्षात आलं.

हा हा म्हणता ओटीवर माणसं जमली. येसूबाई म्हणाल्या, "अगो, मिठागराचा हात तो. माजापन नाय लागत रेशनला. खोबरेल चोल." कुणी बेसन सांगितलं, कुणी लिंबू, कुणी तुरटीचं पाणी. दिनानाथ दाराशी उभे होते. ते म्हणाले, "पोरगा एवढा शिकला. बाईच्या नावान घर घेतला, न् बाईला अंगठाच नाय." एवढं बोलून ते आत गेले. प्रज्योतला ते फार लागलं, कारण वाक्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याने आईला आधार केंद्रावर नेलं. ठसे नव्याने घेतले की प्रश्न मिटला, असा सरळ हिशोब. तिथल्या बाईंनी दहाही बोटं घेतली आणि थोड्या वेळाने सांगितलं की ठसे पुरेसे स्पष्ट नाहीत, म्हणून नवे ठसे स्वीकारले गेले नाहीत. म्हणजे ठसे नसल्याची दुरुस्ती करायला ठसे हवेत. या नियमाची रचना प्रज्योत घरी येईपर्यंत मनात फिरवत राहिला. तिच्यात एक प्रकारचं सौंदर्य होतं. नोंदणी कार्यालयात प्रत्यक्ष जायचं तर नंबर पुढच्या महिन्याचा. आईकडून मुखत्यारपत्र घ्यायचं तर तेही त्याच कार्यालयात, त्याच रांगेत.

रात्री त्याने प्रयोगशाळेतलं भिंग आणलं आणि आईचा अंगठा दिव्याखाली धरला. जिथे डोंगर आणि दऱ्या दिसायला हव्या होत्या तिथे ओहोटीला खाडीत दिसतो तसा सपाट चिखल होता. त्याने दहाही बोटं पाहिली. दहा वर्षांची असल्यापासून ही बाई मिठागरात होती. तीस वर्षं तिने मीठ ओढलं, टोपल्या भरल्या, वाहिल्या. मग मिठागरं बुजली, पण बोटांची सुटका झाली नाही. भांडी, मासळी, राख, कपडे, तवा. मिठाने जे सोडलं होतं ते घराने घासून काढलं होतं.

पण प्रज्योतला एक गोष्ट ठाऊक होती आणि त्या रात्री ती आठवून त्याला झोप येईना. ठशाचा आराखडा वरच्या कातडीत नसतोच. तो आतल्या थरात असतो. वरची कातडी कितीही झिजली तरी झीज थांबवली की तीन-चार आठवड्यांत नवी कातडी वर येते, ती त्याच जुन्या नक्षीने. आईचे ठसे गेलेले नव्हते. ते खाली वाट पाहत होते.

सकाळी त्याने फर्मान काढलं. पाण्यात हात नाही. भांडी नाहीत, झाडू नाही, मासळी नाही, पीठ नाही, तवा नाही, कपडे नाहीत.

"मग मी काय करू?" रंगूबाईंनी विचारलं.

"बसायचं."

"किती वेल?"

"पंचवीस दिवस."

रंगूबाई हसल्या. मग त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. "अरं, आजारी मानूस पन येवरा नाय बसत," त्या म्हणाल्या.

शिस्तीचा माणूस असल्यामुळे प्रज्योतने कामं वाटून घेण्याआधी त्यांची यादी करायचं ठरवलं. आईला शेवटचा एक दिवस नेहमीसारखं काम करू दिलं आणि तो वही घेऊन तिच्या मागे फिरला. हात कशाला लागला की एक नोंद. सकाळी साडेनऊला तीनशे बारा नोंदी झाल्या आणि पेन संपलं. त्याने दुसरं आणलं नाही. एखाद्या उपकरणाचा काटा पट्टीच्या बाहेर गेला की मोजणारा जसा मागे सरून नुसता बघत राहतो, तसा तो दाराला टेकून बघत राहिला. चोवीस वर्षं तो या घरात राहत होता आणि हे घर आपोआप चालतं अशी त्याची समजूत होती.

आता ते दोन पुरुषांनी चालवायचं होतं. त्यातले एक दिनानाथ. नोकरीत असताना चाळीस फुटी ट्रेलर रिव्हर्समध्ये घेऊन दोन ट्रेलरांच्या मधल्या फटीत असा लावायचे की यार्डातली माणसं चहा खाली ठेवून बघत. त्यांना पहिल्या दिवशी कोळंबी सोलायला एक तास लागला. वीस कोळंब्या होत्या.

"पाठीवरचा धागा काढा," रंगूबाईंनी खुर्चीतून सांगितलं.

"कंचा धागा?"

"काला. सगल्यांना असतो."

दिनानाथनी कोळंबी डोळ्याजवळ नेली. साठ वर्षं कोळंबी खाल्ली होती, पण तिला धागा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

भाताचं प्रज्योतकडे होतं. "तांदलावर पेरभर पानी ठेव," आई म्हणाली. त्याने बोट बुडवून ठेवलं आणि पेज झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज. तिसऱ्या दिवशी त्याने कामावरून व्हर्नियर कॅलिपर आणला आणि आईच्या बोटाचं पेर मोजलं. दोन पूर्णांक तीन सेंटिमीटर. त्याचं स्वतःचं दोन पूर्णांक आठ. हे घर आजवर आईच्या बोटाच्या मापाने जेवत आलं होतं. त्याने भिंतीवर तो आकडा लिहिला आणि त्या दिवशी भात मोकळा झाला. दिनानाथनी दोनदा घेतला.

बसून राहिलेली रंगूबाई बोलू लागली, हा त्या दिवसांतला आणखी एक शोध. एरवी ती कामाच्या अध्येमध्ये तुटक बोलायची. एका संध्याकाळी प्रज्योतने सहज विचारलं की मीठ धरायच्या बेताला पाणी आलंय, हे मिठागरात कळायचं कसं. तिथे मोजायला काही होतं का?

"काय मोजाचा त्यात? पानी तांबूस व्हयाचा. मग चिमटीत धरून बगाचा. पयला पानी सुटा लागतो. मग तेलासारका लागाला लागला का समजाचा, आता मीठ धरलं. न् तेल लई झाला तर मीठ कडू."

प्रज्योतने हातातली वाटी खाली ठेवली. पाणी तांबूस होतं ते खारट पाण्यातच वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्यांच्यावर त्याने पूर्ण एक सत्र अभ्यास केला होता आणि ते कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. तेलकटपणा म्हणजे मॅग्नेशियम. त्याच्या प्रयोगशाळेत हे ठरवायला दोन यंत्रं होती आणि त्यांना दर सहा महिन्यांनी दुरुस्तीवाला लागायचा. आईने ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ठरवलं होतं, तीस वर्षं, दिवसातून कितीतरी वेळा. निकेशच्या यंत्राला त्या दोन बोटांत काहीच सापडलं नव्हतं. प्रज्योतला हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण ओटीवर फक्त दिनानाथ होते आणि ते लसूण सोलत होते.

नवव्या दिवशी भिंगाखाली उजव्या तर्जनीच्या कडेला तीन रेषा दिसल्या. बारीक, पण तीन. प्रज्योतने राहीला कळवलं. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

आणि दहाव्या दिवशी येसूबाईंच्या नातवाची, हितेशची, हळद आली.

आगरी हळद म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगणं कठीण. आठशे माणूस जेवायला. त्यांच्यासाठी मटण शिजवायला माणसं मिळतात, पण तांदळाच्या भाकऱ्या आळीतल्या बाया भाजतात. त्या रात्री भाकऱ्यांना जिचा हात लागला नाही, ती एक तर मेलेली असावी लागते किंवा भांडलेली. रंगूबाई दोन्ही नव्हत्या. त्यातून त्यांची भाकरी म्हणजे पंक्तीत माणसं हातात धरून दिव्यासमोर नेऊन बघायची, इतकी पातळ.

"मी नुसती बसेन," त्या म्हणाल्या. "तोंड दाखवाला."

"आई, उकडीला हात लावायचा नाही. गरम पिठाने सगळं जाईल."

"मना कलतंय. मी मालकीन हाय त्या घराची."

प्रज्योत सोबत गेला, चुलींच्या रांगेपासून दहा पावलांवर खुर्ची टाकून बसला आणि अर्धा तास त्याने नजर हलवली नाही. मग हितेशच्या मामांनी त्याच्या हातात रश्श्याची बादली दिली. हळदीच्या पंक्तीत बादली आलेला माणूस ती संपेपर्यंत सुटत नाही आणि ती संपत नाही, कारण मागून कुणीतरी ओततच असतं. दोन तासांनी तो परत आला तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती आणि दोन्ही हात पदराखाली होते.

"किती?" त्याने विचारलं.

"चार."

पलीकडून येसूबाई कौतुकाने म्हणाल्या, "चार काय, अर्धा पोता पीठ एकटीन संपवला तुज्या आयशीन. आमी नुसत्या भाजत व्हतो."

सकाळी त्याने भिंग लावलं. ओहोटी, चिखल. तीन रेषा कुठे होत्या हेही सांगता येत नव्हतं. त्याने वही मिटली. रंगूबाईंना ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

"तू बोल तरी काय," त्या म्हणाल्या.

"काय बोलू, आई? राहीला कळवतो दुसरं घर बघायला. पाच तारखेला हप्ता आहे. बाबांपुढे हात पसरणार."

यावर स्वयंपाकघरातून दिनानाथ बाहेर आले. हातात कणकेचा गोळा होता. ते बायकोला म्हणाले, "अजून चौदा दिवस हायेत. या खुर्चीवरना उठलीस तर ट्रेलरचा दोर आनून बांधीन." मग मुलाकडे वळून म्हणाले, "न् तू रजा टाकू नको. घर मी बगतो."

त्या चौदा दिवसांत दिनानाथचं जे झालं ते प्रज्योतने वहीत लिहून ठेवलं नाही, कारण त्याला एकक सापडलं नाही. पहिले दोन दिवस ते मागचं दार लावून कपडे धुवत. तिसऱ्या दिवशी साबण संपला म्हणून दार उघडावं लागलं आणि समोर आठ बाया उभ्या होत्या. त्या कुठे निघाल्या नव्हत्या, बघायलाच आल्या होत्या.

"भावजी, कालर घासायची रायली," येसूबाई म्हणाल्या.

दिनानाथनी यार्डातल्या सुपरवायझरला दिली नसेल अशी नजर त्यांना दिली. मग त्यांनी कॉलर घासली. त्यानंतर दार उघडंच राहिलं. आठवड्याभरात आळीतल्या पुरुषांनी त्यांच्या ओटीवर गप्पांना यायचं बंद केलं, कारण घरी गेल्यावर बायका दिनानाथचं उदाहरण देत.

आपल्या घरच्या भाकऱ्यांपायी रेषा गेल्या, हे येसूबाईंच्या मनाला लागलं होतं. त्यांनी रंगूबाईंवर पाळत ठेवायचं काम आपणहून घेतलं आणि त्या रोज दुपारी खुर्चीसमोर येऊन बसू लागल्या. एकीच्या पाठोपाठ बाकीच्या आल्या. प्रज्योत संध्याकाळी भिंग घेऊन बसला की एक-एक बाई हात पुढे करायची. "माजाबी बग." "बँकेत माजा पन नाय लागत." "मना गॅसच्या टायमाला परत पाठवला." त्याने पाहिलं. सतरा बायांपैकी अकरा जणींची बोटं कोरी. मिठागरं, मग मासळी, मग घरं. सगळं बंदर जिच्या जमिनीवर उभं राहिलं त्या आळीत, अकरा बायांना आपण आपणच आहोत हे यंत्राला पटवता येत नव्हतं. शेवटच्या बाईचा हात त्याने हातातच धरून ठेवला. एखाद्या जुन्या किनाऱ्याचा नकाशा मिळावा आणि त्यावर एकही खूण नसावी, पण सगळा किनारा मात्र त्याच हातांनी रचलेला असावा, तसं त्याला वाटलं.

"काय रं, मरनार हाय काय मी?" त्या बाईने विचारलं.

"नाही, काकी. बसा. पंचवीस दिवस."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

एकोणतीस तारखेला निकेश यंत्र घेऊन आला. राही आली. आळी आली. दिनानाथ दुपारच्या जेवणाच्या गडबडीत होते, ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. रंगूबाईंनी हात पदराला पुसले नाहीत, कारण त्यांना पुसण्यासारखं काही लागलेलंच नव्हतं.

उजवा अंगठा. लाल.

तर्जनी. लाल. मधलं बोट, लाल. चौथं, करंगळी, लाल, लाल. निकेशने डावा हात मागितला. अंगठा लाल. तर्जनी लाल. मधलं बोट ठेवलं तेव्हा दिवा क्षणभर लागलाच नाही आणि सगळे पुढे वाकले. मग लाल. राहीने बॅगेचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला. प्रज्योत खाली फरशीकडे बघत होता.

"काकी, चौथं," निकेश म्हणाला. "जरा हलकं. नुसतं ठेव."

रंगूबाईंनी डाव्या हाताचं चौथं बोट ठेवलं, पाण्याला हात लावून बघावा इतकं हलकं.

हिरवा दिवा.

निकेशने लॅपटॉप प्रज्योतकडे वळवला. पडद्यावर आईच्या बोटाचा ठसा उमटला होता. मधोमध एक भोवरा, त्याच्याभोवती वळणावर वळण, एका ठिकाणी दोन रेषा एक होऊन पुढे गेलेल्या, काठाला तुटक तुटक. असा ठसा जगात दुसऱ्या कुणाचा नाही, हे प्रज्योतला पुस्तकातून माहीत होतं. माहीत असणं आणि बघणं यात किती अंतर असतं ते त्याला आता कळलं. तो पडद्याच्या इतका जवळ गेला की निकेशला काही दिसेना.

"भाऊ, सरका. सबमिट करायचंय."

करार गेला. राहीने वाकून रंगूबाईंना नमस्कार केला, मग प्रज्योतला म्हणाली, "दादा, चावी." त्याने चावी आईच्या हातात दिली आणि आईने ती राहीला दिली. येसूबाई तेवढ्यात उठल्या, कारण ही बातमी पोचवायला संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

निकेश केबल गुंडाळत म्हणाला, "अकरा महिन्यांचा आहे, काकी. संपला की नवा करायचा. तेव्हा परत बोट लागेल."

प्रज्योतचा चेहरा पडला. स्वयंपाकघराच्या दारात दिनानाथच्या हातातली पळी खाली आली.

रंगूबाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी आपले हात मांडीवर पालथे घातले, मग उताणे केले, आणि चौथ्या बोटाकडे बघत विचारलं, "सा महिन्यांचा नाय व्हत काय रं?"